झिंजीचं पाणी

दुपारचं आपलं घर कसं दिसतं, हे त्याने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून तो बाहेर पडे, आणि परतेपर्यंत खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढून नाहीसं झालेलं असे. त्या दिवशी मात्र एका मोठ्या कचेरीची लिफ्ट बंद करून, दाराला पाटी लावून, वरचं मशीन उघडून ठेवल्यावर कळलं, की खोक्यातून ब्रेकचा भलताच भाग आला आहे. आता उद्याशिवाय काही नाही. त्याच्या जोडीदाराला सगळे ग्रीस म्हणत, कारण स्वतःच्या लग्नातसुद्धा त्याच्या नखांतलं काळं निघालं नव्हतं. ग्रीसने फडक्याला हात पुसले. "जा, घरी जा. वहिनींना दुपारचं तोंड दाखव. त्यांना वाटेल, हाकलला याला."

"आणि तू?"

"माझी दारच उघडायची नाही. आतून ओरडेल, आम्हाला काही घ्यायचं नाही, पुढच्या दारी जा."

तो हसला. अलीकडे त्याला हसता येई. हसून झाल्यावर आत काहीतरी एक मजला खाली उतरल्यासारखं वाटे, एवढंच. घरी पोचल्यावर त्याने किल्लीने दार हळूच उघडलं. बायको घरीच लोकांचे पडदे शिवायची आणि दुपारी मशीनवर मान टाकून तिचा डोळा लागे, हे तिनेच सांगितलेलं. पण मशीन बंद होतं आणि ती जागी होती. ती खिडकीपाशी पाठमोरी उभी होती, फळीवरच्या कुंडीपुढे. हातात वाटी होती, आणि ती वाटी इतकी सावकाश कलत होती, की तान्ह्या बाळाच्या ओठाशी धरली आहे असं वाटावं. "घे," ती म्हणत होती. "घे गं, पोटभर घे. इथे कोण बसलंय ओरडायला?" पाणी मातीत मुरण्याचा बारीक आवाज त्याला दारापर्यंत ऐकू आला. त्याने दार तसंच मागे ओढलं, कडी वाजू न देता लावलं, आणि चोरासारखा जिना उतरून दोन मजल्यांमधल्या खिडकीशी येऊन उभा राहिला.

आपण पळालो का, हे त्याला लगेच कळलं नाही. बायकोने झाडाला पाणी घालावं यात पाहू नये असं काय होतं? कळलं ते हळूहळू, खिडकीच्या गजांवरची धूळ बोटाने पुसता पुसता. झाडाला पाणी तर तो घालत होता. रोज. संध्याकाळी ती अंघोळीला गेली, आतून बादलीचा आवाज आला, की तो उठायचा, स्वयंपाकघरातून पेला भरून आणायचा आणि कुंडीत रिकामा करून, पेला पुसून, जागच्या जागी ठेवून पुन्हा खुर्चीत बसायचा. वर्षभरात एकही संध्याकाळ चुकली नव्हती. ते त्याचं एकट्याचं होतं असं तो समजत होता. आणि ती सकाळ-दुपार, त्याच्या पाठीमागे, वाटी घेऊन. एकमेकांपासून लपवून ठेवावं असं या वयात दोघांच्या आयुष्यात उरलं तरी काय होतं. आणि जे उरलं होतं ते दोघांनी एकच निवडलं होतं.

झाड मुलीचं. मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण चालायला लागली तीच गोल फिरत. नोकरी लागल्यावर ती कचेरीजवळ एक खोली घेऊन राहिली, आणि पहिल्या पगारात पडदा नाही, आरसा नाही, एक स्पायडर प्लांट घेऊन आली. लांबट पट्ट्यांसारखी पानं, मधोमध पांढरी रेघ, चहूकडे विस्कटलेली. तो पहिल्यांदा तिच्या खोलीवर गेला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, ही झिंजी. बघा ना झिंज्या कशा सोडल्यात. आई सकाळी उठते तेव्हा अगदी अशीच दिसते."

"आईला सांगू?"

"सांगा की. तीही म्हणेल, खरंय." मग तिने कुंडीतून बाहेर लोंबणारी दोरीसारखी एक कांडी उचलून दाखवली. तिच्या टोकाला इवलंसं दुसरं झाड, त्यालाही तशाच झिंज्या, खाली मुळांचे पांढरे मोड. "ही हिची मुलगी. अजून आईच्या पदराला धरून आहे. मातीला टेकली की स्वतःचं स्वतः बघेल. मी दोघी-तिघींची लग्नं लावून दिली कचेरीत. कागदी पेल्यात पाठवणी केली." तो म्हणाला, "हिला करावं काय लागतं?" ती म्हणाली, "काही नाही. हिला फक्त विसरता आलं पाहिजे. फार माया करणारी माणसं हिला मारतात, बाबा." हे ती हसत म्हणाली होती, दात घासायचा ब्रश तोंडात ठेवून, आणि तोंडातल्या फेसामुळे 'माया' हा शब्द 'माफा' असा आला होता, म्हणून दोघं आणखी हसले होते.

नंतर तिचं आजारपण आलं, आणि ते पाण्याच्या रूपाने आलं. आधी पावलं सुजली. चप्पल घट्ट होते म्हणून तिने नवी चप्पल घेतली, आईला फोन करून म्हणाली, या वयात माझे पाय वाढतायत, मला वाटतं मी अजून उंच होणार. मग डोळ्यांखाली, मग हातांवर. बोटाने दाबलं तर खड्डा पडे आणि तो भरून यायला वेळ लागे. मूत्रपिंडं दमली आहेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दमली हाच शब्द त्यांनी वापरला, जणू थोडं बसली की उठतील. अंगातलं पाणी बाहेर पडत नाही, म्हणून नवीन पाणी आत जायला नको. इस्पितळात दिवसाचं पाणी सकाळी एका लहान बाटलीत भरून मिळे. औषधाच्या गोळ्याही त्यातच, चूळही त्यातच, तहानही त्यातच. पहिले काही दिवस भिंगरीने त्याचीही थट्टा केली. "बाबा, तुमच्या लिफ्टमध्ये पाटी असते ना, अमुक माणसांपेक्षा जास्त नको? तशी माझ्या गळ्यात अडकवा. फक्त एक बाटली." पुढे ती थट्टा करीनाशी झाली. अंगभर पाणी आणि जिभेला पाण्याचा स्पर्श नाही. सगळं शरीर भरलेल्या पखालीसारखं ताणलेलं, आणि ओठ मात्र तडकलेले. शेजारच्या न्हाणीत कोणी नळ उघडला, की ती डोळे मिटून त्या आवाजाकडे तोंड करी. एकदा म्हणाली, "आई, नुसता नळ सोड ना. पिणार नाही. ऐकते."

आणि तो? तो तेव्हा कुठे होता? तो बाहेर लिफ्टपाशी होता. भिंगरीने पाणी मागितलं, की तो उठून "आलोच" म्हणे आणि खोलीबाहेर पडे. व्हरांड्याच्या टोकाला लिफ्ट होती. तिच्या दाराशी उभं राहून तो ऐकत राही. ब्रेक किंचित उशिरा धरत होता. तारेच्या एका दोराला ताण कमी होता, म्हणून तिसऱ्या मजल्यावर केबिन अंग झटकल्यासारखी करी. ते त्याला डोळे मिटून कळे. आतलं त्याला काहीच कळत नव्हतं, बाहेरचं सगळं कळत होतं. लिफ्टवाला माणूस वैतागून म्हणालाही होता, "काका, बसायचंय तर बसा, नाहीतर बाजूला व्हा, तुम्हाला नेमकं कुठल्या मजल्यावर जायचंय?" तो काय सांगणार. आत बायको होती. बायकोच 'नाही' म्हणत होती, दिवसभर, आणि जागरणाच्या रात्रीही. ती कसं म्हणत होती, किती म्हणत होती, कोणत्या आवाजात, हे त्याने कधी ऐकलं नाही. तो परत दाराशी येई तेव्हा भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडलेली असे आणि बायको, त्याने काही विचारायच्या आत, मान हलवी. म्हणजे, दिलं नाही. म्हणजे, या आत.

त्यांनी कुणी चूक केली नव्हती. एकही थेंब जास्त दिला नव्हता. सांगितलं तसं सगळं केलं, आणि तरी ती गेली, आणि तहानलेली गेली. चूक केली असती तर निदान तिला पोटभर पाणी मिळालं असतं. हा विचार त्याला अंघोळ करताना येई, रस्त्यात टँकर गळताना दिसला की येई, पावसात छत्री उघडताना येई. तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता, बायकोला तर मुळीच नाही. भिंगरीबद्दल ती दोघं बोलत नसत असं नव्हतं. उलट खूप बोलत. तिने शाळेत मैत्रिणीच्या वेणीला डिंक लावला ते, तिचं पहिलं घड्याळ, तिला अजिबात न जमणारी शिटी. जेवताना बायको एकदम म्हणे, "आठवतं का हो, तिला अंघोळ घालायचे तेव्हा?" आणि पुढचं ती म्हणत नसे, तो मनात म्हणे. मुलगी लहान असताना बायकोनेच जोडलेल्या ओळी होत्या, तांब्यातांब्याने पाणी ओतताना म्हणायच्या:

*पाणी घाली माय, पाणी हसू लागे,*
*भिंगरीच्या मागे, पाणी धावे.*

बोलणं तिथपर्यंत येई आणि पाण्याच्या काठाशी थांबे. शेवटच्या दिवसांबद्दल, त्या बाटलीबद्दल, एक अक्षर कधी निघालं नाही. पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राही. ती कशी पिते हे त्याने वर्षभरात पाहिलं नव्हतं. ताटाशेजारी पेले मांडायचं कधी बंद झालं, ते कुणी ठरवलं, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

झिंजी घरी आली ती भिंगरीच्या कपड्यांबरोबर, खोक्याच्या कोपऱ्यात. खिडकीपाशी फळीवर बसली. सुरुवातीचे महिने तिने नुसती धमाल केली. नवी पानं, लांबलचक कांड्या, कांड्यांना बारीक पांढरी फुलं, मग पिल्लं. बायको शिवता शिवता मान वर करून म्हणे, "बघा, पुन्हा बाळंत झाली." मग कधीतरी पानांची टोकं तपकिरी झाली. त्याला वाटलं, तहान. त्याने पेला काठोकाठ भरायला सुरुवात केली. मग खालची पानं पिवळी पडून मऊ झाली, उरलेली दुमडून कुंडीच्या कडेवर लोळू लागली, पिल्लं वाळून कांडीवरच चुरली. त्याला वाटलं, तहान. पान मान टाकतं तेव्हा दुसरं काय असतं? तो दोन पेले घालू लागला. आता गजांना टेकून उभं असताना त्याला दिसत होतं, की वरच्या मजल्यावर तीही असंच म्हणत होती, तहान, तहान, आणि वाटीनंतर दुसरी वाटी ओतत होती.

तो पुन्हा वर गेला. या वेळी त्याने घंटी वाजवली. तिने दार उघडलं, हात पदराला पुसत.

"अगंबाई. काय झालं? बरं वाटत नाही का?"

"भाग चुकीचा आला. उद्या करू म्हणाले."

"मेला तो ग्रीस नाहीतर दुसरं कोण. मागणी त्यानेच लिहिली असणार." ती मशीनपाशी गेली, पण बसली नाही. "चहा टाकू?"

"नको." तो सरळ फळीपाशी गेला आणि दोन्ही हातांनी कुंडी उचलली. वजनाचा त्याचा हात पक्का होता. आयुष्य केबिन आणि तिच्या पाठीमागचं लोखंडी ओझं यांच्या तोलावर गेलेलं. एवढ्याशा कुंडीला एवढं वजन असायला नको होतं. त्याने ती नाकाजवळ आणली. तो वास त्याच्या ओळखीचा होता. लिफ्टच्या तळाशी खड्डा असतो, तिथे कुठूनतरी पाझरून पाणी साचतं, महिनोन्महिने कुणी उतरत नाही, आणि मग झाकण काढलं की जो वास येतो, तो. त्याने बोट मातीत घातलं. ते चिखलात बुडावं तसं बुडालं.

ती बघत होती. मागे फिरून स्वयंपाकघरात जावं असं तिच्या अंगात आलेलं त्याला दिसलं, पण ती गेली नाही.

"मी संध्याकाळी घालतो," तो म्हणाला. "रोज."

तिने मशीनवरचा पडदा उगीच सरळ केला. मग म्हणाली, "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"पेला ओला असतो. कितीही पुसा. तुम्हाला भांडी पुसता येतात का कधी?" तिच्या आवाजात जुनी टोचणी होती, आणि ती टोचणी अर्ध्यात फाटली. "मला वाटलं, तुम्ही घालता ते थोडंच असेल. पुरुषमाणसाला अंदाज नसतो. म्हणून मी..." तिने हात पसरले. "मला ती अशी मान टाकलेली बघवेना हो."

"ती तहानलेली नाही."

"मग काय झालंय?"

"पाण्यात आहे ती. मुळं कुजलीत. मुळं कुजली की पाणी वर चढत नाही. म्हणून वर कोरडं." हे बोलता बोलता त्याच्या कानांनी ते ऐकलं. तिनेही ऐकलं. खोलीत दोघं उभी होती आणि त्या वाक्यापासून कुठे सरकायला जागा नव्हती. सुजलेली पावलं, तडकलेले ओठ. तिने पदर तोंडात धरला आणि ती मशीनच्या स्टुलावर बसली, आणि तो कुंडी हातात धरून तसाच उभा राहिला, कारण ती खाली ठेवली तर हातांचं काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं.

शेवटी तीच उठली. "भिंगरीकडेही झालं होतं एकदा. सुट्टीत इथे आली होती ना, तेव्हा मैत्रिणीने मायेने रोज पाणी घातलं. मग तिने सगळी माती काढली, मुळं कापली, आणि कागदावर उघडी ठेवली. पाणी न देता. मला फोनवर सांगत होती." ती कागद घेऊन आली. जमिनीवर पसरला. दोघं समोरासमोर बसली. कुंडी उलटी केल्यावर चिखलाचा गोळा थपकन पडला. त्यातून त्याने झाड अलगद सोडवलं. झिंजीची मुळं जाड असतात, बोटांसारखी, पांढरी, पुढच्या दिवसांसाठी पाणी साठवून ठेवणारी. आता ती तपकिरी होती, धरली की सालीसकट हातात येत होती, आत नुसतं पाणी. बायको उठून मशीनच्या खणातली कात्री घेऊन आली. ही कात्री फक्त कापडाची. भिंगरीने लहानपणी एकदा त्या कात्रीने रंगीत कागद कापला होता, तर दोन दिवस घरात अबोला होता. तीच कात्री तिने चिखलात घातली आणि एक एक मूळ कापायला लागली. तो झाड धरून बसला होता. डॉक्टरीणबाईंनी भिंगरीच्या हाताला सुई लावताना असंच धरायला सांगितलं होतं आणि तेव्हा त्याने बायकोला पुढे केलं होतं. आता त्याने धरलं. बोटं हलू दिली नाहीत. "हे राहू दे, हे घट्ट आहे," तो म्हणे. "नाही हो, आतून गेलंय, दाबून बघा," ती म्हणे. असं करत शेवटी एक मूठभर पानं उरली, आणि त्यांच्या बुडाशी दोन-तीन टणक पांढरे तुकडे. जगेल की नाही ते त्यातून काही सांगता येत नव्हतं.

तिने ते कोरड्या कागदावर आडवं ठेवलं. खाली चिखल, वास, कापलेल्या मुळांचा ढीग. तिने तो गुंडाळला, कात्री पुसली, हात धुतले. नळ तिने अगदी बारीक सोडला होता. परत आली तेव्हा ती कागदापाशी बसली नाही. दारापाशी उभी राहिली.

"आता हिला काही द्यायचं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"ती अजून सुकेल. आणखी वाईट दिसेल. बघणाऱ्याला वाटेल, आत्ता गेली."

"हो."

"मला नाही जमणार." ती पायात चपला सरकवत होती. त्याच्याकडे बघत नव्हती. "मला पुन्हा नाही जमणार हो. या वेळी तुम्ही बसा. मी जाते खाली."

तो काही म्हणायच्या आत दार लागलं. त्याने कान दिला. लिफ्टचं बटण तिने दाबलं नाही. पावलं जिन्याने उतरली, थोडी, आणि थांबली. तिथेच, गजांच्या खिडकीपाशी, जिथे तो मघाशी उभा होता. पुढे उतरली नाहीत.

खोलीत तो आणि झिंजी. खिडकीतलं ऊन, जे तो कधी बघत नसे, कागदावर सरकत होतं. त्याने कागद उचलून सावलीत ओढला. तेवढंच त्याला करता येत होतं. ते झाल्यावर काही करायचं उरलं नाही. पानं एकमेकांवर पडली होती, ओल्या केसांसारखी, आणि ऊन नसतानाही बघता बघता आणखी मलूल होत होती. किंवा त्याला तसं वाटत होतं. त्याने लिफ्टसाठी कान दिला. या इमारतीची लिफ्ट तोच बघत असे, तिच्यात काही दोष नव्हता, ती गप्प होती. ऐकायला काही नव्हतं. स्वयंपाकघर पाच पावलांवर होतं. त्याला पेला दिसत होता. एक घोट. मुळांना नाही, नुसता पानांवर शिंपडला तर? बोट ओलं करून फिरवलं तर? कापसाचा बोळा भिजवून ओठांवर फिरवायची परवानगी होती, नाही का, एवढी तर होती. तो उठला. गुडघ्यावर आला. पुन्हा बसला. त्याचे हात मांडीवर उताणे पडले होते आणि ते हात इतके रिकामे होते, की त्याला त्यांची लाज वाटली. मागणारी माणसं ओरडत नाहीत, हे त्याला आता कळत होतं. ओरडली असती तर सोपं होतं. ती फक्त तुमच्याकडे बघतात, तुमच्यावर त्यांचा विश्वास असतो, आणि तुम्ही तिथेच बसून असता, पाच पावलांवर पाणी असताना. दिवसभर असं. रात्रभर असं. मान हलवून नवऱ्याला आत बोलवायचं, आणि पुन्हा असं. आपल्या बायकोकडे आपण इतकी वर्षं बघत आलो, आणि हे बघितलं नाही. त्याचा घसा कोरडा पडला होता. तो पाणी प्यायला उठला नाही. त्याचे ओठ हलले, आणि तो झाडाला काहीतरी म्हणाला, पुन्हा म्हणाला, आणि मग रडू लागला. आवाज न करता, जिन्यावर ऐकू जाऊ नये असं.

ऊन भिंतीवर चढून गेलं. दार उघडलं. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती, आत पाऊल न टाकता, आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती त्याने ओळखली, कारण ती त्याची होती.

"मागितलं का?" तिने विचारलं.

"मागितलं."

"मग?"

"नाही दिलं."

तिने चपला काढल्या. आत आली, त्याच्या शेजारी जमिनीवर बसली, पाय जवळ घेऊन. बराच वेळ तिने कागदावरच्या त्या मूठभर पानांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"काय म्हणालात तिला?"

त्याने कागदाची दुमडलेली कड बोटाने दाबली. मग म्हणाला, "म्हटलं, थोडा वेळ थांब. उजाडलं की देते." शब्द तोंडातून गेल्यावर त्याला उमगलं, की तो आईच्या तोंडचं बोलला होता, 'देते' म्हणाला होता, 'देतो' नाही.

तिने डोकं त्याच्या खांद्याला लावलं. ते हलकं नव्हतं.

"मी पण हेच म्हणायचे," ती म्हणाली.